मानवी मर्यादेचा उपासक : डी. व्ही. गुंडप्पा

देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा यांचा जन्म १७ मार्च १८८७ रोजी कोलार जिल्ह्यातील मुळबागल येथे झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत अपयश आल्याने त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच संपले. संस्कृत, इंग्रजी आणि वेदान्त यांचे ज्ञान त्यांनी स्वाध्यायाने मिळविले. उपजीविकेसाठी पडेल ते काम करीत ते बंगळूरला आले, पत्रकार झाले आणि १९१३ साली त्यांनी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. पुढे बसवनगुडी हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

गुंडप्पांचा सार्वजनिक आदर्श महाराष्ट्रातील होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिले. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, ही गोखल्यांची भूमिका त्यांनी आयुष्यभर प्रमाण मानली. म्हैसूरच्या दिवाणांशी निकटचा संबंध असूनही सत्तेपासून त्यांनी अंतर राखले. सरकारकडून मिळालेले मानधनाचे धनादेश त्यांनी वटविलेच नाहीत व ते त्यांच्या मृत्यूनंतर पेटीत सापडले, असे सांगितले जाते. १९२४ साली पत्नी भागीरथम्मा यांचे अकाली निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

इंग्रजी नाटकांपैकी त्यांनी अनुवादासाठी शेक्सपिअरचे ‘मॅक्बेथ’ निवडले, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. त्यांच्यापूर्वी एम. एल. श्रीकंठेशगौड यांनी ‘प्रतापरुद्रदेव’ (१८९५) या नावाने त्याचे कन्नड रूपांतर केले होते. मराठीत शिवराम महादेव परांजपे यांचे ‘मानाजीराव’ (१८९८) त्याच परंपरेतले. गुंडप्पांनी मात्र नायकाचे परके नाव कायम ठेवले. या नाटकाचा गाभा धार्मिक आहे. चेटकिणींचे भाकीत ऐकल्यावर मॅक्बेथला वाट पाहता आली असती. परंतु भविष्य आपल्याच हाताने घडविण्याच्या हव्यासाने तो घरी पाहुणा आलेल्या राजाचा वध करतो. त्यानंतर ‘आमेन’ हा शब्दही त्याच्या कंठातून फुटत नाही. पुढे बँकोचा वंश खुडून नियती खोटी पाडण्याचा तो प्रयत्न करतो आणि त्यातच त्याचा सर्वनाश ओढवतो.

इंग्रजीतील गॉथिक कादंबरीने याच बीजाचा विस्तार केला. होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’च्या १७६५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत शेक्सपिअरचाच आधार घेतला. त्याचा मॅनफ्रेडही जुने भाकीत मोडू पाहतो. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) हा अहंकार जीवनिर्मितीपर्यंत पोचतो. फ्रँकेन्स्टाइन ईश्वराचा अधिकार घेतो, परंतु निर्मिलेल्या जिवाचे पालकत्व टाकून देतो. त्याचा खरा अपराध हाच होय. भुते, भुयारे आणि पडके वाडे हे या वाङ्मयाचे बाह्यांग आहे. माणूस आपली पायरी सोडून परमेश्वराच्या आसनावर बसू पाहतो, हे त्याचे अंतरंग आहे.

गुंडप्पांनी स्वतः गॉथिक कथा लिहिली नाही. पण याच प्रश्नाला त्यांनी आपल्या परंपरेतून सामोरे जाणे पसंत केले. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, त्यांचा ‘मंकुतिम्मन कग्ग’ हा काव्यग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या ९४५ चौपद्यांचा वक्ता तिम्म हा स्वतःला मंदबुद्धी म्हणवितो आणि आपल्या बोलण्याला निरर्थक बडबड. हे नाव निव्वळ विनोदासाठी नाही. सृष्टीचे कोडे आपल्याला पूर्णपणे उलगडले आहे असा दावा करणाऱ्या बुद्धीलाच कवी येथे खाली बसवितो. तिम्म ईश्वराविषयी शंका घेतो, दैवाच्या क्रौर्याला प्रश्न विचारतो. मात्र उत्तर मिळाले नाही म्हणून स्वतः दैव होऊ पाहत नाही.

ही नम्रता म्हणजे निष्क्रियता, असा आक्षेप संभवतो. गुंडप्पांचे चरित्रच त्याचे निरसन करते. १९४५ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी बसवनगुडी परिसरात गोखले सार्वजनिक विचार संस्था स्थापन केली आणि तेथे ग्रंथालय, अभ्यासवर्ग व व्याख्याने यांत उर्वरित आयुष्य वेचले. सत्कारात मिळालेली थैलीही त्यांनी संस्थेलाच अर्पण केली. प्रयत्न पूर्ण करावा, फलावर स्वामित्व सांगू नये, हा गीतेचा धडा त्यांनी आचरणात आणला. गीतेवरील त्यांच्या विवेचनग्रंथाला १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. मॅक्बेथचा विनाश कन्नड वाचकांपुढे ठेवणाऱ्या या लेखकाने मर्यादा ओळखूनही कर्तृत्व गाजविता येते, हे स्वतःच्या जगण्यातून दाखविले.