लग्नाची अंगठी गहाण टाकणारा दोस्तोयेव्हस्की जुगारातून बाहेर कसा आला?
'क्राइम अँड पनिशमेंट' लिहिणाऱ्या फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीला रूलेटचा नाद होता.

1864 मध्ये त्याची पहिली बायको गेली, तीनच महिन्यांत थोरला भाऊ. भावाचं कर्ज आणि कुटुंब त्याच्या गळ्यात पडलं. एका डावात सगळं फिटेल, असं त्याला वाटायचं.

1867 मध्ये दुसरी बायको ॲनासोबत तो युरोपात गेला. बाडेन-बाडेनमध्ये लग्नाच्या अंगठ्या, तिचे कानातले, अगदी कपडेही गहाण पडले. हरला की तिच्यासमोर गुडघे टेकून रडायचा. पण खिसा रिकामा झाला की लिखाण मात्र जोरात सुरू व्हायचं! त्याला पैशापेक्षा स्वतःला शिक्षा करून घ्यायची होती, असं फ्रॉइडने 1928 मध्ये मांडलं.

ॲनाच्या डायरीत वैताग आहेच. तरी तिने याला दुर्गुण नव्हे, आजार मानलं. एप्रिल 1871 मध्ये लिखाण अडलेलं पाहून तिनेच पैसे देऊन त्याला विस्बाडेनला पाठवलं. तो सगळं हरला. शपथा आधीही झाल्या होत्या, पण ही टिकली. रशियात परतल्यावर सावकारांना ॲनानेच तोंड दिलं, 1873 पासून त्याची पुस्तकंही तीच छापू लागली. कर्ज फिटायला आणखी कित्येक वर्षं गेली.