राज्यव्यवहारकोशाचे रघुनाथपंत

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावे मिळाली. पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव. कारभाराची उरलेली भाषा मात्र फारसीने भरलेली होती. तिला पर्यायी शब्द देण्याची कामगिरी महाराजांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्यावर सोपविली.

रघुनाथपंतांचे वडील नारोपंत कर्नाटकात शहाजीराजांच्या सेवेत होते. शहाजीराजांच्या निधनानंतर (१६६४) पंतांनी त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचा कारभार पाहिला. पुढे धन्याशी बिनसले, तेव्हा पंत दक्षिण सोडून शिवाजी महाराजांकडे आले. धनी बदलणे त्या काळी नवे नव्हते. पण पंतांना कर्नाटकाची खडान्‌खडा माहिती होती, आणि महाराजांच्या दक्षिण मोहिमेत ती मोलाची ठरली.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘राज्यव्यवहारकोशा’च्या प्रत्यक्ष रचनेत धुंडिराज व्यासांचा हात होता, असे काही अभ्यासक मानतात. संस्कृत श्लोकांत बांधलेल्या या कोशात सुमारे १,३८० शब्द आहेत. ते वर्णानुक्रमाने येत नाहीत. राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य असे दहा वर्ग पाडून शब्द बसविले आहेत. अमरकोशाचीच ही परंपरा, पण येथे विश्वाच्या जागी राज्य आहे. शब्द कोणत्या वर्गात पडला यावरूनच ती वस्तू राज्याच्या कोणत्या अंगाशी बांधलेली आहे, हे कळते. ते नाते कोणते, अंशाचे की मालकीचे, सेवेचे की स्थानाचे, हे मात्र वर्गाचे नाव सांगत नाही. वाचकाने ते जाणून घ्यायचे असते. आजचे संगणकशास्त्र ज्ञानाची मांडणी करताना नेमके याच प्रश्नाशी झुंजते. नेमणूक ही धनी आणि सेवक यांहून वेगळी गोष्ट मानावी लागते. तिला आरंभ असतो, अटी असतात आणि शेवटही असतो.

पंतांना हे अनुभवाने ठाऊक असणार. १६७७ मध्ये महाराजांनी जिंजी घेतली आणि कोलेरून नदीकाठी व्यंकोजीराजांची भेट घेऊन वडिलांच्या दौलतीतील निम्मा वाटा मागितला. व्यंकोजीराजे रातोरात तंजावरास निघून गेले. पुढे लढाई झाली, तीत त्यांची हार झाली. यानंतर दोन भावांत समेट घडवून आणण्याचे अवघड काम पंतांनी केले. वाटणीत मुलूख कोणाकडे राहील एवढाच प्रश्न नव्हता; व्यंकोजीराजे आदिलशहाचे चाकर की थोरल्या भावाचे आश्रित, हाही होता. जुना धनी आणि नवा धनी यांच्यामध्ये उभे राहून बोलणी करणे पंतांखेरीज दुसऱ्या कोणाला क्वचितच जमले असते.

नव्याने जिंकलेल्या कर्नाटक प्रांताचा कारभार पंत पाहत होते. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीची सूत्रे हरजीराजे महाडिकांकडे गेली आणि पंतांचा अधिकार संपला.

कोशातील बरेच शब्द पोथीतच राहिले. कोकणच्या किनाऱ्यावर पुढे कान्होजी आंग्रे यांनी आरमार गाजविले, ते ‘सरखेल’ या फारसी किताबानेच.