नदीवर म्हणजे नक्की कुठे?
‘नदीवर गेलोय’ असं तुम्ही सांगता, तेव्हा काठावर असता ना? इंग्रजी ‘अपॉन’चंही तसंच! अमेरिकन गीतकार स्टीफन फॉस्टर १८२६ साली पिट्सबर्गजवळ जन्मला. १८५१मध्ये ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ लिहिताना त्याने नकाशात सुवानी नदी शोधली, चालीत बसावं म्हणून नाव ‘स्वानी’ केलं आणि ‘अपॉन’ म्हणत तिच्या काठावर आठवणीतलं घर वसवलं. ती नदी त्याने कधी पाहिलीच नाही! थोड्या पैशांसाठी गाण्याचं श्रेयही त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं. १८६४मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये गेला. खिशात उरले होते ३८ सेंट. गाणं ऐकाल तेव्हा त्या ‘अपॉन’पाशी जरा थांबा, घराची सगळी ओढ तिथेच आहे.