वस्तू एकट्या पडतात तेव्हा

घोड नदीवरच्या आमच्या डिंभे धरणाचे पाणी वैशाखात ओसरले, की काठचा चिखल उघडा पडतो. एका वर्षी त्या चिखलात मला जात्याची तळी दिसली. घर नाही, ओटा नाही, दळणारी बाई नाही. नुसता गोल दगड आणि त्याची सावली. लहानपणापासून पाहिलेली वस्तू, पण अंगावर काटा आला. त्या दिवशी चित्रकार प्रभाकर बरवे मला थोडे कळले.

बरव्यांचा जन्म १९३६ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. शिल्पकार विनायकराव करमरकर त्यांच्या नात्यातले, त्यामुळे कलेचे वळण घरातच होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षण १९५९ मध्ये संपले. पुढे विणकर सेवा केंद्रातील नोकरीने त्यांना बनारसला नेले. तिथे कापडासाठी नक्षी करता करता ते तांत्रिक चिन्हांकडे ओढले गेले. १९६५ च्या सुमारास मुंबईला परतल्यावरही नोकरी सांभाळूनच त्यांची चित्रे होत राहिली.

पुढे ती चिन्हे मागे पडली आणि साध्या वस्तू आल्या: पान, घड्याळ, किल्ली, टाचणी. रंगही साधाच. आपण दारे-खिडक्यांना लावतो तो डब्यातला इनॅमल त्यांनी कॅनव्हासवर आणला. १९७६ साली त्यांच्या 'ब्लू क्लाउड' या चित्राला ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला.

अनेकांनी त्यांना अतिवास्तववादी म्हटले. युरोपात ही चळवळ १९२४ च्या जाहीरनाम्याने सुरू झाली. साल्वादोर दालीची १९३१ मधली वितळणारी घड्याळे आपण पाहिलेली असतात. दालीचे घड्याळ स्वप्नातले. बरव्यांचे घड्याळ मात्र भिंतीवरून नुकतेच उतरवल्यासारखे, शाबूत. त्याचे रोजचे काम तेवढे सुटलेले असते, आणि म्हणूनच ते प्रथमच नीट दिसते. वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या या नात्याचा विचार त्यांनी १९९० साली आलेल्या 'कोरा कॅनव्हास' या मराठी पुस्तकात मांडला. चित्रकाराने आपल्याच भाषेत इतक्या नेटाने लिहावे, हे आपल्याकडे विरळाच.

६ डिसेंबर १९९५ रोजी, साठीही गाठली नसताना, बरवे गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले.

त्यांच्या एका चित्राचे छापील पान मी शेजारच्या आजींना दाखवले. त्यांचे घर धरणात गेलेले. शिकलेली माणसे अशा चित्राचा अर्थ विचारतात. आजींनी मात्र पानावरून हात फिरवला आणि हे घड्याळ कोणाच्या घरातले, एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही. पण चित्र त्यांच्यापर्यंत पोचले होते.