ग्रेसने पास झालेला डीन

स्विफ्ट म्हटलं की आपल्या होस्टेलवर सगळ्यांना गाडी आठवते. मला गलिव्हर आठवतो. कॉन्व्हेंटमध्ये असताना लिलिपुटच्या बुटक्या माणसांची चित्रं बघून आम्ही खिदळायचो. (माझं मराठी तिथलंच, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी!) पण गलिव्हरचा लेखक जोनाथन स्विफ्ट हा काही लहान मुलांचा लेखक नव्हे, हे मला गेल्या सेमिस्टरला कळलं.

त्याचा जन्म डब्लिनमध्ये, ३० नोव्हेंबर १६६७ ला. वडील त्याआधीच वारलेले, त्यामुळे काकांनी शिकवलं. मित्रांनो, आपल्याला धीर देणारी गोष्ट म्हणजे १६८६ साली ट्रिनिटी कॉलेजने त्याला डिग्री दिली ती 'विशेष कृपा' म्हणून. म्हणजे चक्क ग्रेस! पुढे तो धर्मगुरू झाला. इंग्लंडमध्ये मोठं पद मिळेल अशी आशा होती, पण १७१३ मध्ये नेमणूक झाली ती डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन म्हणून. त्याला ती शिक्षाच वाटली.

पण तिथे त्याने डोळे उघडे ठेवले. आयर्लंडमधले कितीतरी जमीनदार इंग्लंडमध्ये राहायचे, आणि कुळांचा खंड तिकडे जायचा. लोकरी कापडाच्या निर्यातीवर इंग्लंडने १६९९ मध्ये बंदी घातलेली, त्यामुळे कॅथेड्रलच्या आसपासचे विणकर रिकामे. १७२४ मध्ये आयर्लंडवर तांब्याची नवी नाणी लादली जात होती. तेव्हा याने एका कापडवाल्याच्या नावाने पत्रकं लिहिली. लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं बक्षीस लागलं. सगळ्या डब्लिनला लेखक माहीत होता, पण कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी नाणी रद्द झाली.

१७२९ मध्ये, पिकं बुडालेली असताना, त्याने निनावी एक 'साधा प्रस्ताव' छापला. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टसारखाच, एकदम थंड डोक्याने. गरिबांची वर्षाला १,२०,००० मुलं जन्मतात. २०,००० पैदाशीसाठी ठेवा. उरलेली १,००,००० वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विका. खर्च २ शिलिंग, किंमत १० शिलिंग, म्हणजे आईला निव्वळ नफा ८. जमीनदारांनी आईबापांना आधीच खाल्लंय, मग मुलांवर पहिला हक्क त्यांचाच!

गणितात एकही चूक नाही. आणि खरे उपाय? परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, देशी माल वापरा, कुळांवर थोडी दया करा. हे सगळं त्याने 'असलं काही मला सांगू नका' अशा थाटात मध्येच टाकून दिलंय. कारण ते सरळ सांगून कोणी ऐकलं नव्हतं.

हे वाचून मी गप्प झालो. मेस कमिटीवर मीही एक साधा प्रस्ताव दिलाय. भांडी घासणाऱ्या चार मावशींपैकी दोघींना कमी केलं तर प्रत्येकाचे महिन्याला ४० रुपये वाचतात. एक्सेल शीट बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती शीट मी परत उघडली. मेसच्या खर्चाचा प्रत्येक कॉलम होता, पण त्या दोघींच्या घरचा एकही नव्हता.

स्विफ्ट नुसता लिहून थांबला नाही. गरीब कारागिरांना तो बिनव्याजी पैसे द्यायचा. १७४५ मध्ये तो गेला तेव्हा बरीचशी मालमत्ता मनोरुग्णांच्या हॉस्पिटलसाठी ठेवून गेला. १७५७ मध्ये उघडलेलं ते हॉस्पिटल डब्लिनमध्ये आजही चालू आहे.

माझी झेप तेवढी नाही. पण येत्या मीटिंगला मी माझा प्रस्ताव मागे घेतोय. ४० रुपये वाचणार नाहीत. शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल रूमवर या, चहा मी पाजीन.