फादर थॉमस स्टीफन्स : परभूमींत रुजलेलें जीवन

आपल्या धर्मग्रामाचा हा ज्युबिली-महोत्सव साजरा होत असतां आपल्या कित्येक कुटुंबांतील मुलगे व मुली समुद्रापलीकडे आहेत. कोणी आखाती देशांत, कोणी कॅनडांत, कोणी ऑस्ट्रेलियांत संसार मांडून आहे. त्यांचे निरोप येतात, त्यांत नव्या नोकरीचें व नव्या घराचें वर्तमान असतें. परंतु परक्या भाषेंत वावरतांना मनास जो एकटेपणा वाटतो त्याचा उल्लेख क्वचितच असतो. या स्मरणिकेंत कोणाचें चरित्र द्यावें असा विचार चालला असतां आम्हांस प्रथम या मुलांचीच आठवण झाली आणि तिच्या पाठोपाठ एका सत्पुरुषाची. ते चारशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं उलट दिशेनें प्रवास करून आपल्या कोंकणच्या किनाऱ्यास लागले आणि पुन्हां स्वदेशीं परत गेले नाहींत. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स होत.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन या गांवीं झाला. वडील व्यापारी होते. मुलाचें शिक्षण चांगलें झालें आणि लॅटिन भाषेवर त्याचें उत्तम प्रभुत्व बसलें. परंतु १५५८ सालीं राणी एलिझाबेथ गादीवर आल्यावर कॅथलिक धर्मास चिकटून राहणें हा त्या देशांत हळूहळू अपराध ठरूं लागला. मिस्सेस गेल्याबद्दल दंड, धर्मगुरूंस आश्रय दिल्याबद्दल तुरुंग, असे ते दिवस होते. स्टीफन्स यांचे एक जिवलग मित्र होते, थॉमस पाउंड. राजदरबारचें वैभव सोडून ते भक्तिमार्गास लागले होते. दोघांनीं मिळून रोमला जावें व येशूसंघांत प्रवेश करावा असा बेत ठरला. पण निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले आणि पुढें आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें त्यांनीं निरनिराळ्या तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं त्यांचा येशूसंघांत प्रवेश झाला. मित्रास मात्र ते विसरले नाहींत. त्यांच्या खटपटीनें पाउंड यांस तुरुंगांत असतांनाच संघांत दाखल करून घेण्यांत आलें.

रोमहून त्यांची रवानगी पूर्वेकडील मिशनकार्यासाठीं झाली. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनच्या बंदरांतून पांच जहाजें गोव्याकडे निघालीं, त्यांपैकीं एकावर स्टीफन्स होते. त्या काळीं हा प्रवास म्हणजे मृत्यूशीं सहा-सात महिन्यांचा शेजार असे. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि कडक उन्हांत जहाजें रेंगाळत राहिलीं. जुलैच्या अखेरीस आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं जहाज किनाऱ्याच्या इतकें जवळ ढकललें गेलें कीं सर्वांनीं जगण्याची आशा सोडली. तेथून सुटका झाली तों ताजीं फळें व पाणी यांच्या अभावीं लोकांच्या हिरड्या सुजल्या, पाय फुगले. दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले व त्यांपैकीं २७ दगावले. आणि जाणत्या खलाशांच्या मतें हा आंकडा थोडाच होता! २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं जहाज गोव्यास लागलें. हिंदुस्थानांत येऊन कायमचे राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांची नोंद करतो.

गोव्यास पोहोंचल्यावर तीन आठवड्यांच्या आंत, १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं वडिलांस एक लांब पत्र लिहिलें. हें पत्र पुढें १५९९ सालीं हॅक्लुइट या संग्राहकानें आपल्या प्रवासवृत्तांच्या ग्रंथांत छापलें, म्हणून तें आज आपणांस उपलब्ध आहे. त्यांत त्यांनीं वडिलांस समजावून सांगितलेली एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. उत्तर-दक्षिण प्रवासांत आकाशांतील ध्रुवतारा व सूर्य यांवरून आपण कोठें आहों हें खलाशास कळतें. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातांना तशी एकही स्थिर खूण आकाशांत नाहीं. पक्षी, पाण्यावर तरंगणारें शेवाळ, वाऱ्याची दिशा, अशा बारीक खुणा पाहत, चुकत व सुधारत पुढें जावें लागतें. स्टीफन्स यांनीं हें जहाजाविषयीं लिहिलें. त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यासही तेंच लागू पडलें, असें आम्हांस वाटतें.

गोव्यांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टी तालुक्यांत झाली. मुंबईजवळची साष्टी ती ही नव्हे. मडगांव, राशोल, कुंकळ्ळी हीं गांवें ज्या भागांत येतात ती गोव्यांतील साष्टी. उर्वरित आयुष्य बहुतांशीं त्यांनीं तेथेंच घालविलें. पोर्तुगीज लोक त्यांस पाद्री इश्तेव्हांव म्हणत. म्हणजे नवा देश, नवें हवामान, आणि नांवही नवें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्या साष्टींत हे तरुण धर्मगुरू आले तेथील भूमि दुखावलेली होती. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेनें तेथील देवळें पाडलीं होतीं. लोकांच्या पोथ्या-पुराणांस बंदी होती. सक्तीस कंटाळून अनेक कुटुंबें गांव सोडून गेलीं होतीं. शुभवर्तमान हें प्रेमाचें वर्तमान असतां तें राजसत्तेच्या आधारानें सांगण्याचा हा प्रकार ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील दुःखाचा भाग आहे. त्याचें फळही कडू आलें. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी संतप्त ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. यांतील फादर रुदोल्फ हे त्याच वर्षीं अकबर बादशहाच्या दरबारांतून परत आले होते. हुतात्म्यांचे देह मिळवून त्यांचें दफन करण्याचें जड काम फादर स्टीफन्स यांच्यावर आलें. १८९३ सालीं ख्रिस्तसभेनें या पांच जणांस धन्य म्हणून घोषित केलें. परंतु त्या घटनेनंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं ठार केलें, हेंही स्मरणांत ठेवणें हें सत्यास धरून होईल.

विचार करावा, कीं अशा वेळीं परदेशस्थ मनुष्याच्या मनाची काय अवस्था होत असेल. चार वर्षांपूर्वीं आलेला, सहकाऱ्यांचे देह आपल्या हातांनीं मातींत ठेवलेला धर्मगुरू या लोकांकडे पाठ फिरविता तर कोणीं त्यास दोष दिला नसता. परंतु त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत आपले बंधु रिचर्ड यांस लिहिलेल्या लॅटिन पत्रांत स्टीफन्स येथील भाषांविषयीं आस्थेनें लिहितात. या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, हें त्यांच्या ध्यानीं आलें होतें. सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार १७८६ सालीं कलकत्त्यास विद्वानांपुढें मांडला. म्हणजे सुमारें दोनशें वर्षें आधीं साष्टींतील एका पाद्रीनें तो नोंदून ठेवला होता. ज्या लोकांची आपणांस भीति वाटावयाची त्यांच्याच बोलींत त्यांस आपल्या विद्येचें आप्तपण दिसलें!

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक कसोटी आली. न्यूबेरी, फिच वगैरे चार इंग्रज होर्मुझ येथें पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आणले गेले. ज्या राणीच्या अमलाखालीं स्टीफन्स यांचे मित्र बंदिवासांत होते, तिच्याच प्रजाजनांपैकीं हे. तरीही स्टीफन्स यांनीं त्यांच्यासाठीं रदबदली केली व ते जामिनावर सुटले. स्वदेश सुटला म्हणून स्वदेशीयांविषयींची माया सुटली नाहीं, आणि स्वदेशानें छळलें म्हणून मनांत विषही राहिलें नाहीं.

यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या जीवनांत गाजावाजा करण्याजोगें फारसें कांहीं दिसत नाहीं. गांवोगांव फिरणें, पापस्वीकार ऐकणें, मुलांस धर्मशिक्षण देणें, आजाऱ्यांस भेटणें. आम्हां धर्मगुरूंच्या रोजच्या कामासारखेंच तें काम होतें. परंतु त्या कामांत ते ऐकत होते. घरांत बोलली जाणारी कोंकणी त्यांनीं आत्मसात केली, आणि कथाकीर्तनाची व पोथीची जी मराठी, तीही शिकले. त्याच सुमारास, १५८४ सालीं, पैठणास एकनाथमहाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते. एक थोर पुरुष गोदातीरीं जुन्या ओव्या शुद्ध करीत असतां दुसरा परदेशीय साष्टींत ओवीची चाल कानांत सांठवीत होता, हा योग मराठी भाषेच्या भाग्याचा म्हटला पाहिजे.

आणि मग तो प्रसंग आला. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं त्यांनीं स्वतःच तो वर्णिला आहे. धर्मशिक्षण चालू असतां एका ब्राह्मणानें त्यांस विनविलें, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं वाचावयास आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? किती साधा हा प्रश्न, आणि किती न्याय्य! लोकांच्या हातांतून कांहीं काढून घेतलें गेलें आहे, त्यांच्या सायंकाळा रित्या झाल्या आहेत, हें त्या प्रश्नांत स्पष्ट होतें. दुसरा कोणी रागावला असता, किंवा प्रश्नोत्तरांचें पुस्तक पुढें करून मोकळा झाला असता. स्टीफन्स यांनीं तें गाऱ्हाणें खरें मानलें आणि स्वतः लिहावयास बसले. शिकवावयास आलेला गुरु येथें शिष्यांच्या मागणीपुढें नम्र झाला, आणि येथेंच तो या भूमीचा झाला, असें आम्हीं समजतों.

त्यांतून जो ग्रंथ निर्माण झाला तो सुमारें अकरा हजार ओव्यांचा आहे. पहिल्या पुराणांत ३६ अध्याय असून त्यांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्यांत ५९ अध्याय असून त्यांत प्रभु येशू ख्रिस्ताचें चरित्र आहे. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात. श्रोता बसलेला आहे, प्रश्न विचारीत आहे आणि पाद्री उत्तर देत आहे, अशी कथेकऱ्याची घडण त्यांनीं ठेविली आहे. आरंभीं मराठी भाषेची जी स्तुति त्यांनीं गाइली ती ख्रिस्ती नसलेल्या रसिकांनींही आपलीशी केली आहे. ज्याची मातृभाषा इंग्रजी, विद्येची भाषा लॅटिन व संघाच्या व्यवहाराची पोर्तुगीज, त्यानें मराठीस सर्व भाषांत श्रेष्ठ मानावें, हें कर्तव्यबुद्धीनें होत नाहीं; त्यास प्रेम लागतें.

हा ग्रंथ देवनागरी अक्षरांत छापावा अशी त्यांची इच्छा होती. १६०८ सालीं संघाच्या रोम येथील प्रमुखांस त्यांनीं तसें कळविलें. या लिपीसाठीं सहाशें ठसे लागतील असें वाटतें, पण ते दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबही त्यांनीं मांडला. तें साधलें नाहीं. १६१६ सालीं राशोल येथें पुराण छापलें गेलें तें रोमन अक्षरांत. मनासारखें झालें नाहीं म्हणून काम अडवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१६१९ सालीं, सुमारें सत्तर वर्षांचे होऊन, ते गोव्याच्याच भूमींत प्रभुचरणीं लीन झाले. त्यांचें कोंकणी भाषेंतील धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं राशोलास प्रसिद्ध झालें. पुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. स्टीफन्स यांनीं जें जोडलें तें तोडण्याचाच तो यत्न होता. परंतु गोवें सोडून कानडा प्रांतांत मंगळूरच्या बाजूस जे ख्रिस्ती लोक वस्तीस गेले त्यांनीं हें पुराण बरोबर नेलें व पिढ्यान्‌पिढ्या गाइलें. १६१६ च्या छपाईची एकही प्रत आज हातीं नाहीं. पण स्थलांतर केलेल्या लोकांनीं जतन केलेल्या हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूरास ग्रंथ पुन्हां प्रकाशांत आला. लंडन येथें सांपडलेल्या हस्तलिखितामुळें तो देवनागरींतही असल्याचें सिद्ध झालें, आणि पुढें महाराष्ट्रांत त्याच्या देवनागरी आवृत्त्याही निघाल्या.

सेमिनरींत असतां आम्हीं हें पुराण परीक्षेपुरतें वाचलें व बाजूस ठेविलें. पुढें दीक्षा झाल्यावर ज्या भागांत आमची पहिली नेमणूक झाली तेथील बोली आम्हांस समजेना. आमचें प्रवचन लोक आदरानें ऐकत, पण तें त्यांच्या मनापर्यंत पोहोंचत नसे, आणि आम्ही मनांतल्या मनांत लोकांसच दोष देत असूं. एके रात्रीं सहज हा ग्रंथ उघडला असतां त्या ब्राह्मणाचा प्रश्न पुढें आला आणि आम्हांस आपली लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं एका वृद्ध बाईंजवळ बसून त्यांची बोली शिकावयास आरंभ केला. त्या आमच्या चुकांस मनमोकळें हंसत, आणि त्या हंसण्यानेंच आम्ही त्यांच्या घरचे झालों.

परदेशीं असलेल्या आमच्या मुलांनो, नव्या देशांत पहिलीं वर्षें खालीं मान घालून शिकावें लागतें, यांत कमीपणा नाहीं. आणि येथें राहिलेल्या आम्हां सर्वांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं आपल्याही गांवीं आज दूरदूरच्या प्रांतांतून माणसें कामास येतात. त्यांची बोली आपणांस कळत नाहीं व आपली त्यांस. ज्युबिलीच्या या वर्षीं त्यांच्यापैकीं एकास तरी आपण नांवानें ओळखावें व त्याच्या भाषेंतील चार शब्द शिकावे. फादर स्टीफन्स यांचें स्मारक म्हणून याहून मोठें कांहीं बांधावयाचें आम्हांस सुचत नाहीं. प्रभु त्यांच्या आत्म्यास चिरशांति देवो, आणि दूर असलेल्या आपल्या सर्व मुलांस सुखरूप ठेवो.