कवितेच्या श्वासाचा शोध घेणारा संगीतकार

आधुनिक फ्रेंच कवितेला पियानोच्या साथीने कंठ देणारे संगीतकार फ्रान्सिस पूलँक यांचा जन्म ७ जानेवारी १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रसायन उद्योगातील धनिक, तर आई उत्तम पियानो वाजवीत असे. पियानोचे पहिले धडे तिनेच दिले. मुलाने आधी शालेय शिक्षण पुरे करावे, या वडिलांच्या आग्रहामुळे संगीत महाविद्यालयाची वाट बंद झाली. पुढे १९१५ मध्ये आई आणि १९१७ मध्ये वडील निवर्तले.

आद्रिएन मोनिए यांचे पुस्तकांचे दुकान हेच मग या तरुणाचे विद्यापीठ ठरले. तेथे नवे कवी जमत. अपोलिनेर यांचे काव्यवाचन त्यांनी प्रत्यक्ष ऐकले आणि तो आवाज त्यांच्या कानात कायमचा राहिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लूच्या साथीत अपोलिनेर गेले. पुढच्याच वर्षी पूलँक यांनी त्यांच्या 'ल बेस्तिएर'मधील छोट्या प्राणिकवितांना चाली दिल्या.

पॉल एल्युआर यांच्या कवितेने मात्र त्यांना बरीच वर्षे वाट पाहायला लावली. या कवींनी विरामचिन्हेच टाकून दिली होती. ओळ कोठे थांबते आणि गायकाने श्वास कोठे घ्यावा, हे संगीतकारानेच ठरवायचे. एक श्वास चुकला, तर अर्थच बदलायचा! पूलँक कविता पुनःपुन्हा मोठ्याने म्हणत आणि अवघड जागांवर खुणा करीत. चाल पहिल्या ओळीपासूनच सुचे असे नाही. मधलीच एखादी ओळ आधी स्वरबद्ध होई. १९३५ मध्ये एल्युआर यांच्या पाच कविता अखेर गाण्यात उतरल्या. त्याच वर्षी गायक पिएर बेर्नाक यांच्यासोबत त्यांच्या मैफली सुरू झाल्या. ही जोडी १९५९ पर्यंत टिकली.

त्यांच्या गीतांचा खरा कस युद्धकाळात लागला. १९४० मध्ये जर्मन फौजांपुढून पळणारे लोंढे लुई आरागाँ यांनी 'से' या कवितेत टिपले होते. लुआर नदीवरील एका गावाच्या नावातील या ध्वनीवरच कवितेची प्रत्येक ओळ संपते. डिसेंबर १९४३ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, पूलँक आणि बेर्नाक यांनी हे गीत जाहीर मैफलीत सादर केले. त्यात घोषणा नाही, आरोळी नाही. आहे तो केवळ हरवलेल्या देशाचा शोक.

सुमारे दीडशे गीते रचून ३० जानेवारी १९६३ रोजी पूलँक यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. एका गायिकेने रेडिओवर आपल्या गीतांची दैना केल्याचे ऐकून त्यांनी १९३९ मध्ये गीतांची रोजनिशी लिहायला घेतली होती. ती १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. गायकांच्या चुकांसोबत स्वतःच्या फसलेल्या गीतांचाही समाचार त्यांनी तीत घेतला आहे.